जिवंत माध्यमातील कलेविषयी कलासंस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोवा येथील कला-महाविद्यालयांचे अध्यापक, कलादालनांचे संचालक आणि कलासमीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या पाव शतकात जगभरातील काही कलावंतांनी रंग, दगड आणि धातू बाजूला ठेवून पेशी, जिवाणू, जनुके आणि कधी कधी अख्खे प्राणी हेच माध्यम म्हणून हाताळले आहे. जैवकला या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आपल्या दालनांत अजून क्वचितच दिसत असला, तरी आपल्या विद्यार्थ्यांनी त्याची छायाचित्रे पाहिलेली आहेत आणि त्यांपैकी एखादा उद्या आपल्यापुढे असा प्रस्ताव घेऊन उभा राहील, यात मला शंका नाही. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. असा प्रस्ताव आला की एक तर घाईने नकार दिला जातो, किंवा कलावंताचे स्वातंत्र्य म्हणून तितक्याच घाईने होकार दिला जातो. या दोन्ही घायांची मला काळजी वाटते. म्हणून माझे मागणे असे आहे, की अशी कलाकृती स्वीकारण्यापूर्वी, नाकारण्यापूर्वी किंवा तिच्यावर लिहिण्यापूर्वी आपण एक साधी माहिती हक्काने मागावी आणि प्रदर्शनात ती भिंतीवर लावावी. यात कोणता जीव किंवा कोणत्या पेशी वापरल्या आहेत, त्या कुठून आल्या, प्रदर्शनभर त्यांची देखभाल कोण करणार आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांचे काय होणार, हे त्या माहितीत असावे.

ही मागणी कारकुनी वाटेल. पण या कलेतील जवळजवळ प्रत्येक मोठा वाद याच माहितीच्या अभावी भरकटलेला आहे.

सर्वांत गाजलेले उदाहरण अल्बाचे आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि शिकागोत काम करणारे कलावंत एदुआर्दो काट्स यांनी 2000 साली ‘जीएफपी बनी’ ही कलाकृती जाहीर केली. फ्रान्समधील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत जन्मलेली अल्बा नावाची एक पांढरी मादी ससा हाच या कलाकृतीचा गाभा होता. तिच्या पेशींत हिरवे चमकणारे प्रथिन (जीएफपी) तयार करणारे जनुक होते. तिला आव्हिन्यों येथे लोकांसमोर आणायचे आणि पुढे शिकागोत आपल्या कुटुंबात वाढवायचे, असा काट्स यांचा मनोदय होता. संस्थेने तिला बाहेर सोडण्यास नकार दिला आणि त्या नकारातून जगभर गदारोळ झाला. अंगभर एकसारख्या हिरव्या प्रकाशात न्हालेल्या सशाचे जे छायाचित्र तेव्हा सर्वत्र छापले गेले, ते पाहूनच बहुतेकांनी आपले मत बनवले. प्रत्यक्षात केस म्हणजे मृत पेशींचे तंतू असतात, त्यांत हे प्रथिन तयार होत नाही. विशिष्ट निळ्या प्रकाशात अशा सशाचे डोळे, कान आणि उघडी कातडी हिरवी दिसते, साध्या उजेडात तो इतर कोणत्याही पांढऱ्या सशासारखाच दिसतो. ती कलाकृती म्हणूनच जन्माला घातली गेली, असे काट्स सांगत राहिले. असे ससे संशोधनासाठी संस्थेत आधीच तयार केलेले होते, असे संस्थेतील संशोधक लुई-मारी हूदबीन यांचे म्हणणे होते. 2002 साली ती मरण पावल्याची बातमी आली, तेव्हा त्या बातमीवरही दोघांचे एकमत झाले नाही. म्हणजे ज्या प्राण्याविषयी जगाने वर्षानुवर्षे वाद घातला, तो कशासाठी जन्मला, नेमका कसा दिसत होता आणि कधी गेला, या तीनही बाबतीत निर्विवाद असे काही प्रेक्षकांच्या हाती आलेच नाही. निर्मितीतील नैतिकता तपासायची तर आधी निर्मिती माहीत हवी. इथे टीकाकार आणि चाहते दोघेही एका छायाचित्राशी भांडत होते.

हेच हिरवे प्रथिन आता महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतही येते. निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूंत त्याचे जनुक घालतात, अ‍ॅरॅबिनोज ही साखर मिसळलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, ते वाढवतात आणि दुसऱ्या दिवशी खोलीतील दिवे मालवून प्लेटवर अतिनील प्रकाश सोडतात. काळोखात ते हिरवे ठिपके उजळतात, तेव्हा विद्यार्थ्यांच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो कोणत्याही चित्रासमोर निघणाऱ्या उद्गारापेक्षा कमी अस्सल नसतो. म्हणून कलावंतांना या द्रव्याची ओढ वाटते, याचे मला जराही आश्चर्य वाटत नाही. पण त्या प्रात्यक्षिकाचा दुसरा अर्धा भाग कुणी छायाचित्रात टिपत नाही. प्लेटांना टेप लावून त्या पिशवीत भरायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला 15 पौंड दाबाखाली ठेवायच्या, अगार पातळ होऊन पिशवीच्या तळाशी जमले आणि तो उग्र, शिजल्यासारखा वास आला की पिशवी बाहेर काढायची आणि नोंदवहीत तारीख टाकून सही करायची. जिवंत वस्तू हाताळणाऱ्याच्या कामात शेवट हा असा लिहून ठेवलेला असतो. कलादालनात तो लिहिलेला नसतो, आणि माझी तक्रार मुख्यतः तिथेच आहे.

याच प्रथिनाच्या जन्मकथेतली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. 1961 च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे सुमारे 10,000 जेलीफिश पकडल्या आणि त्यांच्या कडा कापून त्यांतून प्रकाश देणारी द्रव्ये मिळवली. या शोधमालिकेबद्दल शिमोमुरा यांना 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि ते योग्यच होते, कारण या प्रथिनामुळे जिवंत पेशीच्या आतले व्यवहार डोळ्यांनी पाहता येऊ लागले. त्या जेलीफिशसाठी कुणी मोर्चा काढला नाही. एका सशासाठी मात्र जग पेटून उठले. मी येथे विज्ञानाला दोष देत नाही. पण प्रयोगशाळेतला जीव आपल्याला दिसत नाही म्हणून आपण गप्प असतो आणि दालनातला दिसतो म्हणून चिडतो, ही विसंगती जैवकलेने पहिल्यांदा ठसठशीतपणे समोर आणली, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

हे श्रेय ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवे, ते म्हणजे ओरोन कॅट्स आणि आयोनॅट झर हे कलावंत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात, 2000 साली ‘सिम्बायोटिका’ ही कलावंतांची प्रयोगशाळा सुरू झाली, तिच्याशी हे दोघे जोडलेले होते. कॅट्स आणि झर यांची ‘व्हिक्टिमलेस लेदर’, म्हणजे कुणाचाही बळी न घेता मिळवलेले चामडे, ही कलाकृती 2008 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली होती. काचेच्या पात्रात, विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सांगाड्यावर, उंदराच्या पेशींपासून बोटभर उंचीचा एक शिवण नसलेला कोट वाढत होता. तो अपेक्षेपेक्षा भराभर वाढला, नळ्या तुंबल्या, एक बाही सुटू लागली, आणि संग्रहालयाच्या क्युरेटर पाओला अँतोनेली यांना त्याचा पोषक द्रवाचा पुरवठा बंद करावा लागला. कधीच जिवंत प्राणी नसलेल्या एका कोटाला मारताना आपल्याला अस्वस्थ वाटले, असे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. ही अस्वस्थता बनावट नव्हती आणि ती निर्माण करणे हेच त्या कलाकृतीचे काम होते.

मात्र या कोटाची खरी गोष्ट त्या पोषक द्रवात आहे. प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या असतील तर त्यांच्या माध्यमात बहुतेक वेळा वासराच्या गर्भाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव, घालावे लागते. पेशी-संवर्धनाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत शीतकपाटात, उणे 20 अंशांवर, फिकट पिवळसर-तांबूस रंगाच्या या बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतात. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली, तर तिच्या पोटातील गर्भाच्या रक्तापासून ते तयार केले जाते. म्हणजे ज्या चामड्यासाठी कुणाचाही बळी गेलेला नाही असे शीर्षक सांगत होते, ते एका न जन्मलेल्या वासराच्या रक्तावर वाढत होते. कॅट्स आणि झर यांनी हे लपवले नाही. उलट आपले शीर्षक खरे नाही हे प्रेक्षकाने ओळखावे, यासाठीच ते स्वतः ही बाब बोलून दाखवत असत. माझ्या दृष्टीने ही या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक कृती आहे. पण सीरमविषयी जो वाचतो त्यालाच ती पूर्ण कळते. ज्या प्रेक्षकाने फक्त काचेतला चिमुकला कोट पाहिला आणि आता जनावर न मारता चामडे मिळणार असे म्हणत तो घरी गेला, त्याच्यापर्यंत कलाकृती पोहोचलीच नाही. भिंतीवरची पाटी म्हणूनच मला कलाकृतीचा भाग वाटते.

याच जोडीने 2003 साली फ्रान्समधील नान्त येथे बेडकाच्या स्नायूपेशी वाढवून त्यांचे छोटे तुकडे शिजवून पाहुण्यांना खायला दिले होते, आणि काहींनी ते थुंकून टाकले. त्यानंतर दहा वर्षांनी लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर पत्रकारांसमोर तळून दाखवला, तेव्हा त्याला भविष्यातील अन्न म्हणून मथळे मिळाले. त्या मांसासाठीही सीरमच वापरलेले होते. कलावंतांनी हा प्रश्न दहा वर्षे आधी ताटात वाढून ठेवला होता, हे किती जणांच्या लक्षात राहिले?

असे काम आणि निव्वळ धक्का देणारे काम यांत मी फरक करते, आणि तो आपणही करावा अशी विनंती आहे. 2000 साली डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील ट्रापहोल्ट संग्रहालयात कलावंत मार्को एव्हारिस्ती यांनी 10 मिक्सरमध्ये पाणी आणि गोल्डफिश ठेवून त्यांना वीजजोडणी दिली होती. बटण दाबायचे की नाही, हे प्रेक्षकावर सोपवलेले होते. कुणीतरी दाबले आणि मासे मेले. संग्रहालयाच्या संचालकांनी दंड भरण्यास नकार दिला, खटला चालला आणि 2003 साली ते निर्दोष ठरले, कारण मासे क्षणार्धात मेले असे तज्ज्ञांनी सांगितले. न्यायालयात वेदनेची चर्चा सेकंदांवर आली. माझ्या मते हे काम मुळात मांडायलाच नको होते. माणसाच्या हातात सत्ता दिली तर तो काय करतो, हे दाखवण्यासाठी मासा खर्ची घालावा लागत नाही आणि त्या माशाविषयी किंवा जीवशास्त्राविषयी ते काम आपल्याला काहीही नवे सांगत नाही. संवेदना असलेल्या प्राण्याला केवळ प्रेक्षकाच्या अनुभवासाठी वेदना देणारी किंवा मारणारी कलाकृती आपण स्वीकारू नये, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे. तिच्यासाठी स्वातंत्र्याचा आधार घेणे मला पटत नाही.

ही भूमिका मी हवेतून मांडत नाही. आमच्याच विज्ञानशाखेत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून बेडूक आणि झुरळे कापली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि 2014 मध्ये ते थांबवण्यास सांगितले. शिकण्यासाठी जे आपण सोडले, ते पाहण्यासाठी पुन्हा सुरू करण्याचे कारण मला दिसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा कलादालनाच्या दाराशी थांबत नाही, आणि जनुकबदल केलेल्या जीवांविषयीचे 1989 चे नियमही थांबत नाहीत. अशा जीवांवर काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. कला-महाविद्यालयात ती सहसा नसते, म्हणून जवळच्या विज्ञान महाविद्यालयाशी हातमिळवणी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

पण कायद्याचे नाव घेतले की मला दुसऱ्या बाजूची भीतीही तितकीच वाटते. 2004 च्या मे महिन्यात अमेरिकेतील बफेलो येथे कलावंत स्टीव्ह कर्ट्झ यांच्या पत्नीचे झोपेत हृदयविकाराने निधन झाले. मदतीला आलेल्यांना घरात पेट्री डिश आणि प्रयोगशाळेतील साहित्य दिसले, आणि शोकात बुडालेल्या त्या माणसावर जैविक दहशतवादाचा संशय घेण्यात आला. अन्नातील जनुकबदल तपासून दाखवणाऱ्या एका प्रदर्शनाची ती तयारी होती. ज्या जिवाणूंवरून पुढे खटला उभा राहिला, त्यांत सेराशिया मार्सेसेन्स होता. याच्या लाल रंगाच्या वसाहती सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्लेटवर लांबूनही ओळखू येतात. रुग्णालयात अशक्त रुग्णांना तो त्रास देऊ शकतो म्हणून काळजी घ्यावी लागते, पण कुणी त्याला शस्त्र म्हणणार नाही. दहशतवादाचा आरोप टिकला नाही, तेव्हा जिवाणू मागवण्याच्या पद्धतीवरून टपाल आणि दूरसंचाराद्वारे फसवणूक केल्याचा आरोप ठेवला गेला, आणि तो 2008 साली न्यायाधीशांनी फेटाळेपर्यंत चार वर्षे गेली. घरात शिरलेल्यांपैकी एकालाही प्लेटवरचे नाव वाचता आले असते, तर कदाचित इतके घडले नसते.

जमावाच्या दडपणाचेही असेच आहे. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने 2017 साली चिनी समकालीन कलेच्या प्रदर्शनातून प्राण्यांशी संबंधित तीन कलाकृती उद्घाटनापूर्वीच काढून घेतल्या. विरोधाच्या अर्जावर लाखो सह्या होत्या आणि हिंसेच्या धमक्याही आल्या होत्या. त्या तिघांपैकी दोन तर जुन्या चित्रफिती होत्या. ह्वांग योंग पिंग यांचा कीटक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा पिंजरा शेवटी रिकामाच मांडला गेला. तो पिंजरा भरलेला असू नये, याच मताची मी आहे. पण तो निर्णय संग्रहालयाने महिनोन्‌महिने आधी, विचार करून आणि कारणे देऊन घ्यायला हवा होता. धमकीमुळे काढलेली कलाकृती कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाही.

आपल्याकडे हे काम वेगळ्या, सौम्य वळणानेही झालेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. बेंगळुरूच्या सृष्टी या कला-अभिकल्प संस्थेतील विद्यार्थ्यांनी 2009 साली आयजेम या आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र-अभियांत्रिकी स्पर्धेत भाग घेतला आणि पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो, तो देणारे जिओस्मिन हे द्रव्य ई. कोलाय जिवाणूंकडून तयार करून घेण्याचा प्रकल्प केला. जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या मुलांनी पिपेट हातात धरून हे केले. मृगाच्या सरीची वाट पाहणाऱ्या कोणत्याही माणसाला त्या वासाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. हा वास मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूच तयार करतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या विद्यार्थ्यांनी असे काही करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि आपला प्रेक्षक अडाणी आहे, असे समजून कुणी ही माहिती टाळू नये. महाराष्ट्रातील शेतकरी 2002 पासून जनुकबदल केलेला बीटी कापूस लावत आहे. बीटी वांग्यावर 2010 साली जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांतली एक नागपुरात झाली. 2019 साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले जनुकबदल केलेले बियाणे सर्वांसमक्ष पेरले. त्यांची बाजू बरोबर होती की चूक, यावर मतभेद आहेत, पण जनुक हा शब्द या लोकांना बियाण्याच्या पिशवीच्या किमतीतून आणि बोंडअळीतून माहीत झालेला आहे. त्यांच्यासमोर चमकणारा ससा ठेवला, तर ते दालनातील नेहमीच्या प्रेक्षकापेक्षा नेमके प्रश्न विचारतील.

समीक्षकांना एक वेगळी विनंती. अशा कामाविषयी लिहिताना कलावंताच्या निवेदनावर थांबू नका, विज्ञानातील दाव्याचीही शहानिशा करा. अमेरिकी कलावंत हीदर ड्यूई-हॅगबॉर्ग यांनी 2012 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पडलेले केस, च्युइंगम आणि सिगारेटची थोटके उचलून त्यांतील डीएनएवरून अनोळखी माणसांचे चेहरे त्रिमितीय छपाईने तयार केले. लोक थक्क झाले. डीएनएवरून डोळ्यांचा रंग किंवा वंशाचा अंदाज बऱ्यापैकी सांगता येतो, पण विशिष्ट माणसाचा चेहरा सांगता येत नाही, त्यामुळे ते चेहरे अंदाजापलीकडे जात नाहीत. ड्यूई-हॅगबॉर्ग यांचा इशारा पाळतीविषयी होता आणि तो खरा होता. आपल्या लोकसभेत 2019 साली मांडलेले डीएनए तंत्रज्ञान विधेयक 2023 मध्ये मागे घेण्यात आले, तोवर त्यावर मराठीत जी थोडीफार चर्चा झाली, तिला अशा कलाकृतीने धार आली असती. पण चेहरे खरे मानून लिहिलेले परीक्षण वाचकाला चुकीची भीती घालते, आणि अशा भीतीचा उपयोग पाळत ठेवणाऱ्यालाच होतो.

तेव्हा माझी सूचना अशी की, येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी आपण एकत्र बसून या माहितीचा एक पानभर नमुना ठरवावा. तो मराठीत असावा, प्रवेशदाराजवळ सुवाच्य अक्षरांत लावलेला असावा, आणि त्यातील शेवटचा रकाना, म्हणजे प्रदर्शनानंतर त्या जीवांचे काय केले, हा प्रदर्शन संपल्यावर तारीख आणि सहीसह भरून संस्थेच्या दप्तरी ठेवावा. नमुना तयार करण्यासाठी आमच्यासारखे निवृत्त प्राध्यापक आनंदाने वेळ देतील. विद्यार्थ्यांना प्लेट कशी ओतायची, निर्जंतुक कसे काम करायचे आणि कामानंतर सर्व काही कसे नष्ट करायचे, हे शिकवण्यासाठी आपण बोलावाल तेव्हा मी येईन. त्यासाठी मानधन नको. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि एक चालू स्थितीतील ऑटोक्लेव्ह मिळाला म्हणजे पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे